दुखापतीची तारीख

सोमवार, ६ जानेवारी

माजी सैनिकांचे अपंगत्व-पेन्शनचे अर्ज भरून द्यायच्या माझ्या टेबलाशी आज सात जण आले. सातपैकी पाच उशिरा. उशिरा म्हणजे दहा-वीस मिनिटं नव्हे — अकरा वर्षं, सोळा वर्षं, आणि आजचा विक्रमवीर, तोफखान्यातला, बावीस वर्षं!

त्याच्या दोन्ही कानांत सतत शिट्टी वाजते. कधीपासून, विचारलं, तर म्हणाला, काय? तिसऱ्यांदा ओरडून विचारलं तेव्हा आतल्या खोलीतून कार्यालयाच्या मॅडम बघायला आल्या, टेबलावर भांडण पेटलं की काय. शेवटी कागदावर लिहून विचारलं. तोफा चालवायला लागल्याच्या दुसऱ्या वर्षापासून म्हणे. मग सुटताना सांगितलं का नाहीस? लाजल्यासारखा हसला. गाडी पाच वाजताची होती.

सगळ्यांची हीच कथा. नोकरीतून सुटताना डॉक्टरसमोर उभं करतात. डॉक्टर मान वर न करता विचारतो — काही तक्रार? आणि हे वाघ छाती काढून सांगतात — नाही साहेब! गुडघा वाजतोय, कान गेलाय, पाठीत सणक येतेय, पण तक्रार नाही साहेब. कारण ‘आहे’ म्हटलं की चार दिवस तपासण्या, आणि बाहेर बिछाना बांधून तयार. एका दुपारच्या घाईपायी उरलेला जन्म कण्हत काढायचा. मग वीस वर्षांनी माझ्या टेबलाशी यायचं, आणि मी सिद्ध करून द्यायचं की हा कान तोफेने गेला, म्हातारपणाने नाही. बैल गेला आणि झोपा केला!

रागाच्या भरात पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावलं — ‘दुखणं आज आहे, तर अर्जही आजच.’

बुधवार, ८ जानेवारी

पुठ्ठ्याखाली छत्री अडकवायला कोणीतरी खिळा ठोकला. वाचलं कोणीच नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

आज टेबल नसतं, तरी डोकं फिरलंच. उस्तादमुळे.

वहिनींचा सकाळी फोन. उस्ताद घराच्या पायऱ्यांवरून पडला. लागलं फारसं नाही, पण का पडला ते ऐका — डावा पाय पायरीवर ठेवलाय असं त्याला वाटलं, आणि पाय पायरीवर नव्हताच! पायाला कळेनासं झालंय. गेलो. डॉक्टर तिथेच होता. पाठीच्या कण्यात जुनी मोड आहे, ती आता नसा दाबतेय, ऑपरेशन लांबवू नका, म्हणाला. आणि विचारलं, पूर्वी कधी मोठा मार बसला होता का?

उस्ताद छताकडे बघत बसला. मीच म्हटलं, बसला होता ना! ट्रक उलटला होता याचा, पलटणीत असताना.

मला आणि त्याला सोडून आता त्या कंपनीतलं या गावात कोणी उरलं नाही. तो ड्रायव्हर, मी बाबू. बाबू म्हणजे कंपनीचा कारकून. त्याच्या तोंडी मी अजून बाबूच. नऊ वर्षं एकत्र काढली. सगळ्या नव्या पोरांना गाडी शिकवायचा म्हणून तो उस्ताद. गाडीचं नुसतं खोकणं ऐकून रोग सांगायचा, आणि स्वतःची पाठ मोडली ती एकतीस वर्षं कोणाला कळू दिली नाही.

अर्ज मंजूर झाला, तर ऑपरेशन सैन्याच्या मोठ्या इस्पितळात होईल, पुढची सगळी शुश्रूषा तिथेच, आणि अपंगत्वाचं पेन्शन — त्याच्या पश्चात वहिनींनाही. नाही झाला तर गावातल्या इस्पितळाची यादी, आणि त्या यादीत नंबर लागेपर्यंत दुसरा पायही जायचा. हे मी त्याला गेली सहा वर्षं सांगतोय. सहा वर्षांत चार फॉर्म दिले. पहिला हरवला. दुसरा भिजला. तिसऱ्याच्या वेळी म्हणाला, भीक नको. चौथा ‘बघू’.

आज पाचवा दिला. ‘बघू’ म्हणाला. पालथ्या घड्यावर पाणी!

रविवार, १२ जानेवारी

चौथा फॉर्म सापडला. नीट चौघडी घालून त्यांच्या डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली. वहिनींनीच दाखवला. मी त्याच खुर्चीत बसलो होतो!

बुधवार, १५ जानेवारी

आज एक बाई आली तेव्हा जिवाला गारवा वाटला. सैन्याच्या इस्पितळात नर्स होती, निवृत्त होऊन तीन महिने. रुग्ण उचलता-उचलता खांदा गेलेला. फाईल उघडली — पहिल्या दुखण्याची नोंद, क्ष-किरण, वॉर्डातल्या वरिष्ठांची सही, सगळं तारीखवार. मी म्हटलं, ताई, तुम्हाला कोणी शिकवलं हे? म्हणाली, बावीस वर्षं तुम्हा पुरुषांना ‘काही तक्रार नाही’ म्हणताना ऐकलंय, त्यावरून शिकले.

वीस मिनिटांत काम संपलं. मी तिला चहा पाजला. मॅडम म्हणाल्या, एवढं हसताना तुम्हाला पहिल्यांदाच पाहिलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग त्या नर्सलाच बसवा टेबलावर, तुम्ही नुसते खेकसता लोकांवर. म्हटलं, खेकसतो म्हणून येतात. ती म्हणाली, येत नाहीत म्हणून तर खेकसता. हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

शनिवार, १८ जानेवारी

ठरवून गेलो. आज फॉर्म भरल्याशिवाय उठायचं नाही. पेन, कोरे कागद, चष्मा, सगळं घेऊन. वहिनींनी दार उघडलं आणि हळूच म्हणाल्या, भावजी, आज सोडू नका त्यांना.

नाव, नंबर, पलटण, हुद्दा — भरलं. त्याने काही विरोध केला नाही, पलंगावर पडून ऐकत होता. अपघाताचं वर्णन मी माझ्या अकलेने लिहिलं: घाटातल्या वळणावर मागचं चाक घसरून वाहन उलटले. लगेच म्हणाला, मागचं नाही, पुढचं डावं. आणि लिही की ब्रेक शाबूत होते, नाहीतर मेकॅनिकवर यायचं. एकतीस वर्षांनी मेकॅनिकची काळजी!

म्हटलं, छान. दुखापतीची तारीख?

‘आठवत नाही.’

महिना?

‘थंडी होती.’

मी समजूत घातली, विनवण्या केल्या, शेवटी चढ्या आवाजात बोललो. ज्या माणसाला पुढचं डावं चाक आठवतं, ब्रेक आठवतात, त्या ट्रकचा नंबर त्याने मघाशी मला डोळे मिटून सांगितला, त्याला तारीख आठवत नाही! तो भिंतीकडे तोंड करून झोपला. खरंच झोपला नव्हता, पाठीत सणक आली की पापणी उडते त्याची.

सगळा फॉर्म भरून झाला, एक रकाना सोडून. आणि तो एक रकाना नसेल तर बाकीच्या फॉर्मची किंमत खुर्चीच्या पायाएवढीच.

सोमवार, २० जानेवारी

मॅडमना फॉर्म दाखवला. त्या म्हणाल्या, तारखेशिवाय रेकॉर्ड ऑफिसात शोधणार कुठून? तिथे कागदांचे डोंगर आहेत. तारीख द्या, नाहीतर त्या वेळी बरोबर असलेल्या एखाद्याचं लेखी म्हणणं द्या. मी टेबलावर हात आपटला — मी आहे ना!

तुम्ही होतात का तिथे?

तिथे नव्हतो. मी तेव्हा रजेवर. मुलगी व्हायची होती, दिवस भरायच्या आतच बायकोला इस्पितळात न्यावं लागलं होतं, तार आली आणि मी पळालो. दोन आठवड्यांनी परत आलो, तर हा दिसला, जरा वाकडा चालत होता. विचारलं, तर म्हणाला, तू गेल्यावर आठ-दहा दिवसांनी सामान आणायला गेलो होतो, गाडी घसरली, काही नाही, मुका मार. मी विश्वास ठेवला. मुलगी झाल्याच्या आनंदात होतो; मला तेव्हा कोणी सांगितलं असतं सूर्य पश्चिमेला उगवला, तरी मान हलवली असती.

मॅडमनी दुसरा मुद्दा काढला. ती फेरी सरकारी कामाची होती का? गाडीची चिठ्ठी होती? चिठ्ठी नसेल तर माणूस कामावर नव्हता असंच धरतील, मग सगळंच मुसळ केरात.

मला राग आला. मी म्हटलं, बाई, त्या कंपनीचा बाबू मी होतो! कुठली गाडी, कोण ड्रायव्हर, कुठे, कशाला, साहेबाची सही — ती चिठ्ठी केल्याशिवाय माझ्या अख्ख्या नोकरीत एक चाक फाटकाबाहेर गेलं नाही. मी रजेवर जाताना दुसऱ्या कारकुनाला दहा वेळा बजावून गेलो असणार. चिठ्ठीशिवाय गाडी गेली आणि काही झालं, तर ड्रायव्हर आणि बाबू, दोघांचीही नोकरी जायची. ‘आधी कागद, मग गाडी’ — हे वाक्य त्या कंपनीत माझ्यावरून पडलं होतं.

मॅडम म्हणाल्या, मग सापडेल. शोधा तारीख.

बुधवार, २२ जानेवारी

उस्ताद फोन उचलत नाही. वहिनी उचलतात आणि म्हणतात, झोपलेत. सकाळी झोपलेत, दुपारी झोपलेत. एवढा तर पाळण्यातसुद्धा झोपला नसेल.

शुक्रवार, २४ जानेवारी

आज भांडण झालं. लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

सकाळी डॉक्टर येऊन गेला होता. उजव्या पायाच्या अंगठ्यालाही मुंग्या येतात आता. वहिनी स्वयंपाकघरात तोंड धुण्याच्या निमित्ताने रडत होत्या. मी उस्तादच्या पलंगाशी खुर्ची ओढली आणि जेवढं होतं तेवढं सगळं बोललो. म्हटलं, तुला स्वतःची पर्वा नाही, नको करूस. या बाईला तुझी कूस बदलावी लागणार आहे, तुला मोरीत न्यावं लागणार आहे, तिची कंबर आत्ताच वाकलीय, तिने कुठे अर्ज करायचा? तू एक तारीख आठवायचे कष्ट घेत नाहीस. हा स्वाभिमान नव्हे, हा निव्वळ हटवादीपणा आहे.

त्याने पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाला, ‘काही कागद नसलेलेच बरे असतात, बाबू.’

हे मला! माझं आयुष्य कागदांत गेलं आणि हे मला! मी म्हटलं, तुझ्यासारख्यांमुळेच माझं टेबल आहे, बावीस-बावीस वर्षं झोपा काढणाऱ्यांमुळे.

तर हसला. म्हणाला, ‘तुझं टेबल चांगलं चाललंय ना? लोक मानतात तुला. मग ते नीट चालू दे.’

असला टोमणा! एवढं करून वर, मी मान मिळवायला बसतो तिथे, असं सुचवायचं! उठलो आणि चपला घालून निघालो. वहिनी चहा घेऊन दारापर्यंत आल्या होत्या, तो घेतला नाही. कानाला खडा. पुन्हा त्याच्या दारात जाणार नाही.

शनिवार, २५ जानेवारी

चहा घ्यायला हवा होता. वहिनींचा त्यात काय दोष.

मंगळवार, २८ जानेवारी

मुलीचा वाढदिवस. एकतिसावा. दोन दिवसांसाठी आली आहे. संध्याकाळी चारच्या सुमारास दारात रिक्षा थांबली, आणि बघतो तर उस्ताद! काठी एका हातात, दुसरा हात वहिनींच्या खांद्यावर. फाटकापासून दारापर्यंतची बारा पावलं चालायला त्याला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही, मला बघवलं नाही.

दर वर्षी येतो तो. किंवा मुलगी गावात नसली तर तिला फोन करतो. एक वर्ष चुकवलं नाही. ती लहान असताना लाकडाचा ट्रक करून आणला होता, चाकं फिरणारा. आजही काहीतरी आणलं होतं — ड्रायव्हरसाठी असते तशी पाठीला टेकायची उशी. तुझी नोकरी बसून करायची आहे, पाठ सांभाळ, म्हणाला तिला. मुलगी रडायचीच बाकी होती.

आणि मला, माझ्या या जिभेला, राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, वा उस्ताद! एरवी तुला तारखा आठवत नाहीत. ही कशी नेमकी आठवते?

त्याने वहिनींकडे बघितलं, वहिनी खाली बघायला लागल्या. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, ‘ही एकच आठवते.’

बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावून नीट खरडपट्टी काढली. आजारी माणूस रिक्षाने धक्के खात आला आणि तुम्ही त्याला पाण्यात बघता. चूक माझी. पण मी म्हणतो तेही खोटं नाही ना! मुलीचा जन्म आठवतो, स्वतःच्या पाठीचा दिवस आठवत नाही, हे पटण्यासारखं आहे का?

बुधवार, २९ जानेवारी

मुलगी सकाळी गेली. उशी घेऊन गेली.

दुपारी वहिनी आल्या, एकट्याच. दहा मिनिटं बसल्या, कालचा विषय काढला नाही. मीच माफी मागितली. त्या म्हणाल्या, ते तुमच्यावर रागावलेले नाहीत भावजी, ते तुमच्यावर कधीच रागवत नाहीत, तेच तर अवघड आहे. मग उठता-उठता म्हणाल्या, पाठीचं दुखणं सुरू झालं ते तुमची मुलगी झाली त्याच महिन्यात. मी तेव्हा माहेरी होते. त्यांचं पत्र आलं होतं, दोनच ओळी: बाबूला मुलगी झाली, मी जरा पडलो. तारीख मला विचारू नका, ते मला शपथ घालून बसलेत.

शपथ? कसली शपथ? तारखेची कोणी शपथ घालतं का?

असो. महिना तर मिळाला. बाकी मी शोधीन. चाळीस वर्षांच्या रोजनिश्या माळ्यावरच्या लोखंडी पेटीत आहेत, एकही दिवस चुकवलेला नाही. परत कामावर रुजू झालो त्या आठवड्यात काहीतरी टिपलं असणारच, मी कागदावरून काही सुटू देणारा माणूस नाही. उस्ताद लपवेल, वहिनी लपवतील, माझं अक्षर थोडंच लपवणार आहे! उद्या सकाळी बायकोला स्टूल धरायला सांगतो.

गुरुवार, ३० जानेवारी

सापडली. पेन्सिलीने लिहिलेलं आहे, पण स्पष्ट आहे.

‘२८ जानेवारी. तार आली. गाडी तीनची. साहेब बाहेर गेलेले, चिठ्ठीवर सही कोण करणार? उस्ताद म्हणाला, तू बस, मी स्टेशनवर सोडतो. फाटकावर ओळखीचा होता. परत आल्यावर चिठ्ठी करीन.’

‘१२ फेब्रुवारी. रुजू झालो. सगळ्यांचं तोंड गोड केलं. उस्तादची गाडी २८ पासून वर्कशॉपात दिसते. विचारायला हवं.’

पुढे मार्चपर्यंतची पानं वाचली. चिठ्ठी केल्याची नोंद नाही. विचारल्याचीही नाही. सगळीकडे मुलीचं वजन.

शुक्रवार, ३१ जानेवारी

रकाना भरला. साक्षीदार म्हणून खाली लिहिलं: ती फेरी कंपनीच्याच कामाची होती, रजेवर जाणाऱ्या माणसाला स्टेशनवर सोडून परत यायची. तो माणूस मी. चिठ्ठी करायची ती मी केली नाही. दोन्ही पानांच्या प्रती जोडल्या. उस्तादला सांगितलं नाही, तो हात धरेल.

आज टेबलामागे बसलो नाही. समोरच्या खुर्चीत बसलो. मॅडम हसल्या, म्हणाल्या, आज इकडे कसे? काही तक्रार?

म्हटलं, आहे.